पार्किंग सेन्सर ओरडतोय की मुका झालाय? आधी कान लावा

(ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

परवा परतूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आधी तो ऐकवतो. "दादा, गाडी रिव्हर्सला टाकली की सेन्सर नुसता कोकलायलाय. मागं काळं कुत्रं नाही, तरी टीऽऽ चालूच. घरचे वैतागलेत. वायर काढून टाकू का?"

भावा, नको काढूस. निदान हा भाग ऐकून होईपर्यंत तरी नको. तू जे विचारतोयस तेच आमच्या मामानं केलं होतं, आणि त्याचं काय झालं ते सांगतो.

मामा अंबड तालुक्यातला. मोसंबीची बाग आहे, जुनी गाडी आहे, एमएच-२१ पासिंगची. त्या गाडीला कंपनीचा सेन्सर नव्हता, नंतर दुकानातून चार सेन्सरचा किट बसवून घेतलेला. एका पावसाळ्यात तो विनाकारण वाजायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "चारी गेलेत, पूर्ण सेट बदलावा लागेल, चार हजार होतील." मामा म्हणाला, "चार हजार कशाला घालू? बंद करून टाक." त्यानं डिकीतली एक वायर उपटली. आवाज बंद, विषय बंद.

पुढं मे महिन्यात सुट्टीला घर भरलेलं. मामेबहिणीची चार वर्षांची पोरगी अंगणात तीनचाकी सायकल फिरवत होती. मामानं आरशात बघितलं, मागं कुणी दिसलं नाही, गाडी मागं घेतली. कर्रकन आवाज झाला. तीनचाकी चाकाखाली गेली होती. पोरगी अर्ध्या मिनिटापूर्वी पाणी प्यायला आत गेली होती म्हणून नुसती सायकलच गेली. मामा ओट्यावर बसून एकच वाक्य बोलत होता, "अरे, पण ते वाजलं कसं नाही?" वायर आपणच काढायला लावली होती हे आठ महिन्यांत तो साफ विसरला होता.

तर मंडळी, बिघडलेला सेन्सर दोन तऱ्हेचा असतो. एक ओरडणारा, एक मुका. ओरडणारा डोकं उठवतो म्हणून आपण त्याच्या मागं लागतो. मुका कुणाला त्रासच देत नाही. मागं जागा मोकळी असली तरी शांतता, सेन्सर मेलेला असला तरी शांतता. ड्रायव्हरला फरक कळायला मार्ग नाही. ओरडणाऱ्याची वायर काढणं म्हणजे त्रासाच्या बदल्यात धोका विकत घेणं.

आता हे यंत्र करतं काय ते बघू. बंपरवर जी रुपयाच्या नाण्याएवढी गोल टिकली दिसते, तिच्या पाठीमागं एक चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते, आणि बाहेरून थरथरवली की वीज देते. या गुणाला पिझोविद्युत म्हणतात. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये तो दाखवला. हो, पिएर म्हणजे मेरी क्युरींचे यजमान. ही चकती सेकंदाला ४० हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरून एक छोटी हाक मारते. आपल्या कानाला २० हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला ती हाक कळत नाही. हाक मागच्या भिंतीवर आपटते, परत येते, आणि तीच चकती आता कान होऊन ती ऐकते. जायला-यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. वस्तू एक मीटरवर असेल तर हा सगळा प्रवास सहा मिलिसेकंदांच्या आतबाहेर होतो. वटवाघूळ अंधारात हेच करतं, फक्त त्याला वायरिंग लागत नाही.

हिशेब हवेतल्या आवाजाच्या वेगावर चालतो आणि तो वेग तापमानाबरोबर बदलतो. २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, तर आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांना ३५७ च्या आसपास. हवा तापली की प्रतिध्वनी लवकर परत येतो, आणि तापमानाचा हिशेब न करणाऱ्या किटला एक मीटरवरची भिंत ९६ सेंटिमीटरवर वाटते. म्हणजे उन्हाळ्यात तो जरा लवकर ओरडतो. हा बिघाड नाही, आणि चूकही आपल्या बाजूची आहे. जालन्याच्या उन्हानं सेन्सर 'भाजला' असं सांगून कुणी नवीन गळ्यात मारत असेल, तर आधी पुढच्या तपासण्या करा.

पहिली तपासणी कानाची. फुकट आहे. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद, फक्त चावी ऑनवर, गिअर रिव्हर्समध्ये. बहुतेक मॅन्युअल गाड्यांत एवढ्यावर सेन्सर चालू होतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर हा प्रयोग घरी करूच नका, गॅरेजवाल्यासमोर करा. आणि कुणी मागं वाकलेलं असताना चावीशी खेळायला लहान भावाला बसवू नका, हे वेगळं सांगायला नको.

आता एकेका सेन्सरजवळ कान न्या. चालू सेन्सरमधून बारीक टिक्-टिक्-टिक् येते. मुख्य हाक ऐकू येत नाही, पण प्रत्येक हाकेच्या सुरुवातीला चकतीला जो झटका बसतो त्याची ही टिकटिक असते. बोटाचं टोक अलगद ठेवलं तरी थरथर जाणवते. चारांतले तीन टिकटिकतायत आणि एक गप्प, तर संशयित सापडला. चारी गप्प, तर सेन्सरला दोष देऊ नका. चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, त्यांना वीजच पोचत नसणार. मामाच्या मेकॅनिकनं "चारी गेलेत" म्हटलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रस्त्यावर गोंगाट असेल तर मोबाइलचा माइक सेन्सरजवळ धरून प्रत्येकाचं दहा सेकंद रेकॉर्डिंग करा आणि घरात जाऊन हेडफोनवर ऐका. पण अॅप उघडून ४० हजारांची लाट दिसते का ते शोधत बसू नका. फोन सहसा सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो, म्हणजे २४ हजारांच्या वरचं त्याला पकडताच येत नाही. टिकटिक मात्र येते, आणि आपलं काम तेवढ्यानं भागतं.

ओरडणाऱ्याकडं वळू. परतूरकर, आता तुझी पाळी. आधी ओलं फडकं घे. हसू नकोस! आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात बंपरला बसली की वाळून दगड होते. सेन्सरच्या टिकलीवर आणि विशेषतः तिच्या कडेच्या फटीत ती भरली, की चकतीची थरथर नीट थांबत नाही. हाक मारून झाल्यावर चकती काही क्षण घुमत राहते, घंटेसारखी. ती शांत झाल्यावरच प्रतिध्वनी ऐकता येतो. मातीमुळं ते घुमणं बिघडलं तर यंत्राला वाटतं, काहीतरी अगदी नाकासमोर आहे, आणि सुरू होतं टीऽऽ. पाण्याचे थेंब, मुंग्यांची माती, सणाला लावलेल्या हाराची चिकटपट्टी, सगळ्यानं हेच होतं. मऊ फडकं, साबणाचं पाणी, जुना दात घासायचा ब्रश. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचं नाही. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप सेन्सरला भिडवू देऊ नका, त्यानं पाणी रबराच्या आत शिरतं.

फडक्यानं भागलं नाही तर चार पावलं लांब जाऊन बंपरकडं नीट बघा. चारी टिकल्या एका रेषेत आहेत का? एखादी आत दबलेली, एखादी खाली बघणारी? पार्किंगमध्ये कुणीतरी हलकासा धक्का देऊन जातं, बंपर परत फुगून सरळ होतो, ओरखडाही दिसत नाही, पण आतली क्लिप सुटलेली असते. खाली झुकलेल्या सेन्सरला जमीन दिसते आणि तो इमानदारीत जमिनीविरुद्ध ओरडत राहतो. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक गंमत होते. बऱ्याच सेन्सरच्या पाठीवर बाण असतो, ती बाजू वर ठेवायची. घाईत उलटा बसवला की तोच प्रकार. आणि भोकं फार खाली पाडली असतील, म्हणजे जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरच्याही खाली, तर खडीवर आणि गवतावर तो वाजणारच. डिकीत मोसंबीचे क्रेट ठासून भरले की मागची बाजू बसते, सेन्सर खाली वळतात. क्रेट उतरवून बघा, आवाज गेला तर दुरुस्तीची गरजच नाही.

बंपर नुकताच रंगवलाय का? हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारतो. कंपनीतून येतो तो रंगाचा थर पातळ असतो. गॅरेजमध्ये सेन्सर न काढताच लांबी भरून, वर तीन हात रंग मारला की चकतीवर गोधडी टाकल्यासारखं होतं. मग तो एकतर मुका होतो किंवा उगाच ओरडतो. रंग खरवडून चकती वाचेल याची खात्री नसते, अशा वेळी तो एक सेन्सर बदलणं बरं. नंबरप्लेटची सैल पट्टी, टोइंगचा हुक, मागं बसवलेला लोखंडी गार्ड हेही बघा. सेन्सर गाडीच्याच अंगावरची वस्तू मोजत असतो.

एक खास आपल्याकडची गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत, स्टील कारखान्यांच्या रस्त्यांवर, गाडी मागं घेताना सेन्सर मधूनच किंचाळतो असं बऱ्याच जणांनी सांगितलंय. शेजारी सळ्या भरलेला ट्रक उभा असतो. ट्रकच्या एअर ब्रेकमधून हवा सुटते तेव्हा आपल्याला नुसता 'फिस्स' ऐकू येतो, पण त्या फिस्समध्ये कानाच्या पलीकडचे आवाजही भरपूर असतात, सेन्सरच्या पट्टीतले. कारखान्यात दाबाच्या हवेची गळती शोधायचं यंत्र याच ४० हजारांच्या आसपासचे आवाज ऐकतं. तेव्हा ट्रक गेल्यावर तुमचा सेन्सर गप्प होत असेल तर तो ठणठणीत आहे. शेजारच्या कारचे सेन्सरही असेच एकमेकांना गोंधळवू शकतात. बिघाड म्हणायचा तर तो घरच्या अंगणात, सपाट कोरड्या जागेवर, एकट्या गाडीला व्हायला हवा.

आता मुक्याकडं. चारी गप्प असतील तर सगळ्यात आधी रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो का बघा. किट बसवताना त्याची वीज बहुतेक वेळा याच दिव्याच्या वायरमधून घेतलेली असते. दोन्ही बाजूंचा दिवा लागत नसेल तर दोष किटच्या आधी आहे. फ्यूज, नाहीतर गिअरबॉक्सवरचं रिव्हर्सचं स्विच. इथं सेन्सरचा सेट बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दिवा लागतो पण किट गप्प, तर डिकीच्या लायनिंगमागं जी छोटी काळी डबी असते तिच्यापर्यंत वीज येते का ते मल्टिमीटरनं बघायचं. मल्टिमीटर नसला तर आयटीआय झालेला एखादा मित्र गाठा, त्याच्याकडं हमखास असतो. रिव्हर्स टाकल्यावर लाल-काळ्या वायरींत बॅटरीइतका, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे. दाब येतोय आणि तरी ना टिकटिक ना बझर, तर डबी गेली. टिकटिक आहे पण आवाज नाही, तर बिचारा बझरच गेलाय किंवा त्याची पिन निघालीय.

एकच सेन्सर गप्प असेल तर अदलाबदल करायची. मला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते. गप्प सेन्सरची पिन शेजारच्या चांगल्या सेन्सरला लावा आणि त्याची याला. गप्प राहणारा सेन्सर तोच राहिला तर सेन्सर मेलाय. पण आधीचा मेलेला टिकटिकायला लागला आणि चांगला गप्प झाला, तर सेन्सर दोन्ही धडधाकट आहेत, दोष त्या वायरीत किंवा डबीच्या त्या घरात आहे. पाच मिनिटांचं काम आहे आणि हजारो रुपये वाचू शकतात. मात्र पिन काढता-घालताना चावी बंद. बंपरखाली हात पोचत नसेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा आणि फोनच बंपरच्या मागं सरकवा. निम्म्या वेळा सुटलेली पिन, हिरवट गंज, नाहीतर कुरतडलेली वायर व्हिडिओतच दिसते.

मामाच्या गाडीत तेच निघालं. उपटलेली वायर परत जोडली तर ओरडणं पुन्हा सुरू. कान लावला तर डावीकडून दुसरा गप्प, बाकी तीन टिकटिकतायत. अदलाबदल केली, तो गप्प वाटणारा लगेच बोलायला लागला. मग फोन आत सरकवला. उंदरानं वायर कुरतडली होती, पावसाचं पाणी शिरून तांबं हिरवं झालं होतं. गाडी मळ्यात, पेंडीच्या पोत्यांशेजारी उभी असते, त्यामुळं उंदरांना घरपोच सोय. खराब तुकडा कापला, नवीन जोड सोल्डर केला, वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवली. नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हानं तिचा डिंक सुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही परत तिथंच. खर्च म्हणाल तर चहापाण्याएवढा. सेट चारही सेन्सरसकट जुनाच आहे.

कंपनीतूनच सेन्सर बसून आलेल्या गाडीचं गणित जरा वेगळं. भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा यांच्याबरोबरच हा नियम आला. अशा गाड्यांत यंत्र स्वतःची तपासणी करतं, आणि रिव्हर्स टाकल्या टाकल्या वेगळ्या पद्धतीची बीप किंवा स्क्रीनवर चिन्ह देऊन बिघाड सांगतं. कोणत्या बीपचा काय अर्थ ते गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच पुस्तक जे डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून असतं. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथं 'सेट बदलू' म्हणाले, तर कोणता सेन्सर आणि स्कॅनरवर कोणता कोड आला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लाजायचं नाही.

दुरुस्ती झाली की चाचणी घ्या, आणि महिन्यातून एकदा घेत जा. प्लास्टिकची मोठी बादली घ्या, बंपरच्या मागं दीड मीटरवर ठेवा आणि हळूहळू जवळ सरकवा. गाडी नाही, बादली हलवायची. चारी सेन्सरसमोर एकेकदा. कुठं पहिली बीप येते, कुठं सलग होते, खडूनं खुणा करा. मग बादलीच्या जागी चपलेचा खोका ठेवून बघा. बहुतेक गाड्यांत बंपरच्या अगदी जवळ आणला की तो गायब होतो, कारण हाक त्याच्या डोक्यावरून निघून जाते. त्यानंतर एक सळई टोकाकडून गाडीकडं तोंड करून धरा. तिच्यावरून परत यायला हाकेला जागाच नसते. ट्रॉलीतून बाहेर आलेली सळई गाडीच्या मागं असेल तर सेन्सरवर विसंबायचं नाही, उतरून बघायचं. कापसाची गाठ, गवताची गंजी, जाड गोधडी आवाज पिऊन टाकतात. तिरकी फळी हाक भलतीकडंच पाठवून देते. हे सगळं चांगल्या, धडधाकट सेन्सरलाही दिसत नाही. अंगणात मांडी घालून खेळणारं दोन वर्षांचं लेकरूही फार उंच नसतं.

हा प्रयोग मी मामाच्या अंगणात केला तेव्हा मामी ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी खडूच्या शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे याच्या अलीकडं बसलं तर याला दिसतच नाही?" मी म्हटलं, खाली बसलं तर नाही दिसत. तेव्हापासून त्यांच्याकडं गाडी काढायची तर आधी मामी सगळ्या पोरांना ओट्यावर घेतात, मोजतात, मग हात करतात. सेन्सर चालू असला तरीसुद्धा.

परतूरकर मित्रा, तुला काल हे सगळं थोडक्यात फोनवर सांगितलं होतं. आज सकाळी त्याचा फोटो आला. उजव्या कोपऱ्यातल्या सेन्सरच्या फटीत गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. ब्रशनं काढलं, दोन वेळा धुतलं, आता शांत आहे म्हणतो. मी त्याला बादली लावून बघायला सांगितलंय, कारण 'शांत आहे' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. त्याचा निकाल आणि तुमचे खडूच्या खुणांचे फोटो पुढच्या भागात घेऊ.